नामदार गोपाळ कृष्ण गोखले : अंदाजपत्रक, शाळा आणि सार्वजनिक आरोग्य

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
• गोपाळ कृष्ण गोखले यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• वरिष्ठ कायदेमंडळातील त्यांच्या अंदाजपत्रकीय भाषणांचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• १९११ च्या प्राथमिक शिक्षण विधेयकातील तरतुदी आणि त्यावरील आक्षेप यांची मांडणी करता येईल.
• गोखले यांच्या कार्याचे महत्त्व आणि त्याच्या मर्यादा यांचा साक्षेपाने विचार करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, लोकप्रतिनिधी आपल्या मतदारांपुढे कामाचा आढावा मांडतो, तेव्हा त्यात दोन विषय हमखास असतात. एक गावातील शाळेचा आणि दुसरा दवाखान्याचा. शाळेच्या किती खोल्या बांधल्या, शिक्षकांच्या किती जागा भरल्या, औषधोपचाराचा भार सामान्य कुटुंबाला कितपत पेलतो, या प्रश्नांची उत्तरे प्रतिनिधीने द्यावीत हे आज आपण गृहीत धरतो. शासनाच्या तिजोरीतील पैसा लोकांचा आहे आणि तो कशावर खर्च झाला हे विचारण्याचा लोकांना अधिकार आहे, ही कल्पना त्यामागे असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात ही कल्पना रुजलेली नव्हती. ती कायदेमंडळात चिकाटीने मांडणाऱ्या आरंभीच्या व्यक्तींमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्थान फार वरचे आहे.

गोखले यांची ओळख आपल्याला बहुधा दोन प्रकारे झालेली असते. नेमस्त पक्षाचे नेते ही एक ओळख आणि महात्मा गांधींनी राजकीय गुरू मानलेली व्यक्ती ही दुसरी. या दोन्ही ओळखी खऱ्या असल्या तरी अपुऱ्या आहेत. त्यांच्या नावामागे लागणारे नामदार हे बिरुद कायदेमंडळाच्या सभासदाचे आहे आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कष्टाचे काम त्या सभागृहातच झाले. प्रस्तुत घटकात आपण त्यांचे चरित्र याच कामाच्या अनुषंगाने पाहणार आहोत. गरिबाच्या मुलाच्या शिक्षणाचा आणि त्याच्या आरोग्याचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न गोखले यांनी कसा मांडला, त्यात त्यांना किती यश आले आणि कोणत्या बाजू त्यांच्याकडून अपुऱ्या राहिल्या, याकडे वाचताना लक्ष ठेवावे.

२. बालपण आणि शिक्षणाचा खर्च

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात साध्या नोकरीवर होते. १८७९ मध्ये वडिलांचे निधन झाले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांना स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी पत्करावी लागली. त्यांना महिना पंधरा रुपये मिळत. त्यांतील आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत आणि उरलेल्या सात रुपयांत सगळ्या कुटुंबाचा निर्वाह करीत.

ही आकडेवारी लक्षात ठेवण्याजोगी आहे. एका मुलाच्या शिक्षणासाठी घरातील निम्म्याहून अधिक मिळकत खर्ची पडत होती आणि दुसऱ्या मुलाचे शिक्षण त्यासाठी कायमचे थांबले होते. असा त्याग करणारा भाऊ प्रत्येकाला लाभत नाही आणि लाभला तरी अनेक घरांत तेवढेही उत्पन्न नसते. पुढे कायदेमंडळात फीमाफीसाठी उत्पन्नाची मर्यादा ठरवताना गोखले ज्या कुटुंबांचा विचार करीत होते, त्यांची परिस्थिती त्यांना ऐकून नव्हे तर अनुभवाने माहीत होती.

कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन महाविद्यालय आणि मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय असा प्रवास करून १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते पदवीधर झाले. सरकारी नोकरी किंवा वकिली हे त्या काळातील पदवीधराचे नेहमीचे मार्ग होते. बंधूंच्या उपकारांची परतफेड करायची तर हे मार्ग सोयीचेही होते. तरीही गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद बनले. अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन त्या सभासदत्वासोबत येत असे.

३. अध्यापक आणि अभ्यासक

फर्ग्युसन महाविद्यालयात गोखले यांनी इंग्रजी साहित्य, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकवले. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांमधून दीर्घकाळ वापरात होते. आकड्यांशी असलेले हे सख्य त्यांच्या पुढील सार्वजनिक कामाचा पाया ठरले.

त्या पायावर इमारत उभी करण्याचे श्रेय न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना द्यावे लागते. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन करताना गोखले रानड्यांच्या हाताखाली तयार झाले. सरकारी अहवाल, जमाखर्चाची कोष्टके, जनगणनेचे तक्ते असे रूक्ष वाटणारे साहित्य बारकाईने वाचणे, त्यातील विसंगती हेरणे आणि सरकारच्याच आकड्यांवरून सरकारची चूक दाखवून देणे, ही रीत त्यांनी येथे आत्मसात केली. एखादे विधान पुराव्याशिवाय लिहिले तर ते रानड्यांपुढे टिकत नसे. याच काळात गोपाळ गणेश आगरकर यांच्या ‘सुधारक’ पत्राच्या इंग्रजी बाजूचेही त्यांनी काही काळ लेखन केले. टिळक, आगरकर आणि गोखले यांच्यातील मतभेदांचा तपशील येथे अपेक्षित नाही. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर गोखले आगरकर व रानडे यांच्या बाजूला होते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

४. प्लेगचे वर्ष

१८९७ हे वर्ष गोखले यांच्या आयुष्यातील कसोटीचे ठरले. भारताच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. वयाच्या एकतिसाव्या वर्षी दिलेल्या या साक्षीने त्यांना अर्थशास्त्राचा जाणकार म्हणून मान्यता मिळवून दिली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रोगाच्या निवारणासाठी सरकारने सैनिकांकडून घरोघर झडत्या घेण्याचा मार्ग अवलंबिला आणि त्यातून लोकांत तीव्र असंतोष पसरला. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या.

पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखले यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केले. मायदेशी परतल्यावर ते आरोप सिद्ध करणारा पुरावा त्यांना मिळेना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे म्हणजे त्यांना संकटात लोटणे होते. अखेर गोखले यांनी जाहीर माफी मागितली. या माफीवरून त्यांच्यावर चहूकडून टीका झाली. अनेकांनी त्यांना भित्रे ठरवले आणि काँग्रेसमध्येही त्यांना काही काळ अवहेलना सोसावी लागली.

यानंतर त्यांनी काय केले, हे चरित्रदृष्ट्या महत्त्वाचे आहे. पुण्यात प्लेगची पुढची साथ आली तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून निवारणाच्या कामात उतरले. या अनुभवातून त्यांच्या विचारात दोन गोष्टी पक्क्या झालेल्या दिसतात. पहिली ही की, पुराव्याने सिद्ध करता येणार नाही असे विधान सार्वजनिक जीवनात करू नये. दुसरी अशी की, आरोग्यरक्षण बळाच्या जोरावर लादता येत नाही. त्यासाठी शुद्ध पाणी, गटारे व स्वच्छ वस्ती यांवर आधीपासून पैसा खर्च व्हावा लागतो आणि लोकांना रोगाचे कारण समजण्याइतके शिक्षण मिळालेले असावे लागते. शाळा आणि आरोग्य हे विषय पुढे त्यांच्या भाषणांत वारंवार शेजारीशेजारी येतात.

५. कायदेमंडळातील कार्य

५.१ सभागृहाचे स्वरूप

१८९९ मध्ये गोखले मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर निवडून आले. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्यातील दुरुस्तीला विरोध करताना फिरोजशहा मेहता यांच्याबरोबर त्यांनी सभात्याग केला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेहतांची वरिष्ठ कायदेमंडळातील जागा रिकामी झाली आणि तेथे गोखले यांची निवड झाली. मृत्यूपर्यंत ते या मंडळाचे सभासद होते.

या मंडळाचे स्वरूप आजच्या विधानसभेसारखे नव्हते, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे असे. १८९२ च्या कायद्यानुसार सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत असे, पण त्यावर मत देता येत नसे. ठराव मांडण्याचा अधिकारही नव्हता. गोखले यांचे मतदार म्हणजे मुंबईच्या कायदेमंडळातील मूठभर बिनसरकारी सभासद. सामान्य शेतकऱ्याला, मजुराला किंवा कोणत्याही स्त्रीला या निवडणुकीत स्थान नव्हते. तरीही गोखले यांनी स्वतःला त्या मूठभर मतदारांचे प्रतिनिधी मानले नाही. ज्यांना मतच नव्हते अशा करदात्यांच्या वतीने ते बोलत राहिले.

५.२ शिल्लक कोणाची?

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या वर्षी सरकारी तिजोरीत मोठी शिल्लक दाखवण्यात आली होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण असल्याचे सांगितले जात होते. गोखले यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले की, ही शिल्लक जनतेच्या समृद्धीतून आलेली नसून रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने चढा ठेवल्यामुळे आणि कर गरजेपेक्षा जास्त घेतल्यामुळे साठली आहे. दुष्काळ आणि प्लेग यांनी लोक गांजलेले असताना सरकारची तिजोरी भरत असेल, तर ती भरभराट कोणाची, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. या भाषणाने सभागृह स्तिमित झाले.

पुढील प्रत्येक वर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी त्यांनी हा हिशेब चालू ठेवला. लष्करावरील वाढता खर्च कमी करावा आणि शिल्लक रेल्वेकडे किंवा कर्जफेडीकडे न वळवता प्राथमिक शिक्षण, औद्योगिक शिक्षण, शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा आणि शहरांची आरोग्यव्यवस्था यांसाठी द्यावी, ही त्यांची मागणी असे. पाणीपुरवठा आणि गटारे यांचा खर्च स्थानिक संस्थांना स्वबळावर झेपणार नाही, वरिष्ठ सरकारने त्यासाठी मदत केली पाहिजे, हे त्यांनी वारंवार मांडले. पुणे नगरपालिकेच्या कारभारात प्रत्यक्ष सहभाग असल्यामुळे नगरपालिकांची ओढाताण त्यांना जवळून माहीत होती.

५.३ मिठावरील कर

मिठावरील कराचा प्रश्न हा या भाषणांतील सर्वांत परिणामकारक भाग होय. त्या काळी मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. मीठ ही चैनीची वस्तू नाही. माणसाला आणि जनावरालाही प्रकृती टिकवण्यासाठी ते लागते. श्रीमंत आणि गरीब जवळजवळ सारखेच मीठ खातात, त्यामुळे कराचा भार गरिबावर प्रमाणाबाहेर पडतो. कर जास्त असताना मिठाचा खप लोकसंख्येच्या मानाने वाढत नाही, याचा अर्थ लोक गरजेइतकेही मीठ खाऊ शकत नाहीत, हे त्यांनी आकड्यांनिशी सिद्ध केले. आरोग्याचा खर्च म्हणजे केवळ वैद्याचे शुल्क नव्हे, घरातील अन्नाच्या किमतीतच आरोग्याचा प्रश्न सामावलेला असतो, ही दृष्टी यातून दिसते.

सरकारने हा कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आणला. कर उतरला तसा मिठाचा खप वाढला आणि गोखले यांचा तर्क खरा ठरला. मताचा अधिकार नसलेल्या सभागृहात केवळ अभ्यासाच्या बळावर मिळवलेले हे यश होते. अर्थात हा निर्णय एकट्या गोखले यांच्या भाषणांमुळे झाला, असे म्हणता येणार नाही. काँग्रेसनेही ही मागणी अनेक वर्षे लावून धरली होती.

आपली प्रगती तपासा – १
(अ) गोविंदरावांच्या पगारातील किती भाग गोपाळरावांच्या शिक्षणावर खर्च होत असे?
(आ) १८९२ च्या कायद्यानुसार सभासदांना अंदाजपत्रकाबाबत कोणता अधिकार होता आणि कोणता नव्हता?
(इ) मिठावरील कराचा आरोग्याशी असलेला संबंध गोखले यांनी कसा दाखवला?

६. प्राथमिक शिक्षणाचे विधेयक

६.१ पार्श्वभूमी

सर्वांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे, ही मागणी गोखले यांच्यापासून सुरू होत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सुचवले होते. शेतकऱ्याने भरलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि त्याची स्वतःची मुले अक्षरशत्रू राहतात, ही विसंगती त्यांनी उघड केली होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानात लागू केला. एक हिंदी संस्थान जे करू शकते ते ब्रिटिश सरकारला का जमू नये, हा गोखले यांच्या युक्तिवादातील एक बळकट धागा होता. १९११ च्या जनगणनेनुसार देशात शंभरातील सुमारे सहाच माणसे साक्षर होती.

१९०९ च्या सुधारणांमुळे सभासदांना ठराव मांडण्याचा अधिकार मिळाला. त्याचा उपयोग करून १८ मार्च १९१० रोजी गोखले यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या दिशेने आरंभ करावा आणि त्यासाठी एक समिती नेमावी, असा ठराव मांडला. विचार करण्याचे आश्वासन मिळाल्यावर त्यांनी तो मागे घेतला. त्याच वर्षी केंद्रात स्वतंत्र शिक्षण खाते निर्माण झाले. परंतु सक्तीच्या दिशेने पाऊल पडत नाही हे दिसताच त्यांनी १६ मार्च १९११ रोजी स्वतःचे विधेयक सादर केले.

६.२ विधेयकातील तरतुदी

या विधेयकाची रचना अत्यंत सावध होती. तिचे मुख्य मुद्दे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(१) कायदा सर्व देशावर एकदम लागू होणार नव्हता. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा मंडळाला इच्छा असेल तिने सरकारच्या पूर्वसंमतीने तो आपल्या हद्दीत लागू करावयाचा होता.
(२) त्या हद्दीतील मुलांची विशिष्ट टक्केवारी आधीच शाळेत जात असेल तरच सक्ती आणता येणार होती.
(३) सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती होती. मुलींना ती पुढे योग्य वेळी लागू करण्याची सोय ठेवली होती.
(४) ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांपेक्षा अधिक नाही, त्याच्या मुलाकडून फी घ्यावयाची नव्हती.
(५) आजारपण, घरगुती अडचण, शेतीचा हंगाम, जवळपास शाळा नसणे अशा कारणांसाठी सूट होती.
(६) खर्चासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणपट्टी बसवण्याची मुभा होती. एकूण खर्चाचा दोनतृतीयांश भाग सरकारने आणि एकतृतीयांश भाग स्थानिक संस्थेने उचलावा, अशी गोखले यांची अपेक्षा होती.

आजच्या दृष्टीने ही मागणी फारच मर्यादित वाटेल. कमीत कमी मागितले तर नकार देणे सरकारला कठीण जाईल, हा त्यामागील हिशेब होता.

६.३ आक्षेप आणि मतदान

विधेयक लोकमतासाठी सर्वत्र पाठवण्यात आले. अनेक नगरपालिकांनी आणि सार्वजनिक संस्थांनी त्याला पाठिंबा दिला. प्रांतिक सरकारांनी मात्र विरोध नोंदवला. पैसा नाही, प्रशिक्षित शिक्षक नाहीत, इमारती नाहीत, ऐच्छिक शिक्षणाचा प्रसार आधी व्हावा, लोकांचीच सक्तीला तयारी नाही, असे सरकारी आक्षेप होते. जमीनदारांना वेगळी चिंता होती. शेतात राबणारी आणि गुरे राखणारी मुले शाळेत बसली तर मजूर मिळणार कोठून, असे त्यांना वाटे. नव्या पट्टीची भीती बाळगणारे लोकही होते.

खर्चाच्या आक्षेपाला गोखले यांनी दिलेले उत्तर त्यांच्या चरित्रातील विलक्षण क्षण म्हणावा लागेल. आयातीवरील जकात वाढवण्याचा मार्ग त्यांनी सुचवला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. दुसरा उपायच उरला नाही, तर मिठावरील कर पुन्हा आठ आण्यांनी वाढवलेलाही आपण पत्करू, असे त्यांनी सांगितले. देशबांधवांनी मीठ थोडे कमी खाणे हे त्यांच्या मुलांनी अज्ञानात वाढण्यापेक्षा कमी अनिष्ट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

विद्यार्थिमित्रहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या कराविरुद्ध ते अनेक वर्षे लढले तोच कर वाढवण्याची तयारी त्यांनी दाखवली. ती ध्येयनिष्ठेची परिसीमा मानावी, की गरिबाच्या मुलाच्या शाळेचा खर्च पुन्हा गरिबाच्याच ताटातून काढण्याची तडजोड मानावी? दोन्ही वाचने शक्य आहेत. लोककल्याणाची दोन कामे पैशासाठी परस्परांपुढे उभी राहतात, तेव्हा प्रतिनिधीला कोणत्या पेचातून जावे लागते, याचे हे नेमके उदाहरण आहे.

दरम्यान डिसेंबर १९११ मधील दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी पन्नास लाख रुपयांच्या अनुदानाची घोषणा झाली. सक्तीची मागणी मान्य न करता खर्च थोडा वाढवायचा, ही सरकारची नीती त्यातून स्पष्ट झाली. १८ मार्च १९१२ रोजी विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे असा प्रस्ताव गोखले यांनी मांडला. पंडित मदनमोहन मालवीय, बॅरिस्टर महंमद अली जिना आदी सभासदांनी त्याला पाठिंबा दिला. दुसऱ्या दिवशी मतदान झाले. बाजूने तेरा आणि विरुद्ध अडतीस मते पडली. विधेयक फेटाळले गेले. सरकारी बहुमताच्या सभागृहात हा निकाल अपेक्षितच होता आणि गोखले यांनी तो शांतपणे स्वीकारला. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशाची सेवा करणे आले आहे, अशी त्यांची धारणा होती.

७. मर्यादा

चरित्राचा अभ्यास करताना गौरवाबरोबर मर्यादाही पाहाव्या लागतात. विधेयकात मुलींचे शिक्षण पुढे ढकललेले होते. शाळा काढण्याची आणि मुलाला शाळेत पाठवण्याची सक्ती त्यात होती, पण शाळेचे दार कोणाला उघडे असेल हा प्रश्न त्यात पुरेसा आलेला नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना अनेक ठिकाणी शाळेच्या बाहेर बसवले जात होते. गोखले यांना या अन्यायाची जाणीव नव्हती असे नाही. १९०३ मध्ये धारवाड येथील सामाजिक परिषदेत त्यांनी अस्पृश्यतेचा कठोर निषेध केला होता. तथापि ही जाणीव कायद्याच्या कलमात उतरली नाही.

हे काम पुढील पिढीतील प्रतिनिधींनी केले. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात एक ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. १९२७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच सभागृहात शिक्षणावरील खर्चाचा हिशेब सरकारकडे मागितला. खर्चाचा प्रश्न आणि प्रवेशाचा प्रश्न एकत्र घेतल्याशिवाय शाळा व दवाखाना खऱ्या अर्थाने सार्वजनिक होत नाहीत, हे या क्रमावरून आपल्या लक्षात येईल.

८. सेवेची संस्था आणि अखेरची वर्षे

कायदेमंडळाबाहेरही काम करणारी माणसे हवीत, या जाणिवेने गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी ते बनारस येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. समाजाचे एक आद्य सभासद गोपाळ कृष्ण देवधर यांनी रमाबाई रानडे यांच्यासमवेत पुणे सेवासदनाचे काम उभे केले. स्त्रियांचे शिक्षण आणि परिचारिकांचे प्रशिक्षण ही या संस्थेची दोन मोठी अंगे होती. शिक्षण आणि आरोग्यसेवा यांची सांगड येथे प्रत्यक्ष कामातून घातली गेली.

१९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले आणि तेथील हिंदी लोकांच्या लढ्याची पाहणी करून त्यांनी गांधीजींना साहाय्य केले. त्याच वर्षी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगावर त्यांची नेमणूक झाली. मधुमेहाने त्यांची प्रकृती खालावत होती. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये लागला. गोखले यांच्या हयातीत या रोगावर पथ्य आणि विश्रांती यांपलीकडे फारसा उपाय नव्हता आणि विश्रांती त्यांनी घेतली नाही. १९१४ मध्ये देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नम्रपणे नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

९. विधेयकाचा पुढील प्रवास

फेटाळलेले विधेयक संपले नाही. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. त्याची कल्पना गोखले यांच्या विधेयकाशी जवळून जुळते. भारतीय संविधानाच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९ मध्ये त्यासाठीचा कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखले यांच्या विधेयकाच्या मांडणीपासून येथवर ९९ वर्षे गेली.

सार्वजनिक आरोग्याची वाट याहून लांबली. लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात म्हटले आहे. परंतु हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांमध्ये येतो. शिक्षणासाठी स्वतंत्र कलम मूलभूत हक्कांत घातले गेले, तसे आरोग्यासाठी अद्याप झालेले नाही. म्हणूनच औषधोपचाराचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न आजही प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी नव्याने उभा राहतो.

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण घरच्या परिस्थितीमुळे मध्येच थांबले असेल आणि संसार व नोकरी सांभाळून आपण ते पुन्हा हाती घेतले असेल. गोविंदरावांना ती संधी मिळाली नाही. धाकट्या भावाने आयुष्यभर जो हिशेब मागितला, त्यात अशा प्रत्येक थांबलेल्या शिक्षणाची नोंद होती. आपल्या गावचा प्रतिनिधी पुढील वेळी शाळेचा आणि दवाखान्याचा आढावा मांडील, तेव्हा त्यातील आकडे वाचावेत, ताडून पाहावेत आणि न समजलेले विचारावे. गोखले यांच्या चरित्रातून घेण्याजोगा हा सर्वांत व्यवहार्य धडा आहे.

१०. सारांश

गरिबीतून शिकलेले गोखले अध्यापक झाले आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाने सार्वजनिक अर्थकारणाचे अभ्यासक बनले. १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी सरकारी शिल्लक शिक्षण आणि आरोग्यव्यवस्था यांसाठी वापरण्याची मागणी केली. मिठावरील कर कमी होण्यात त्यांच्या युक्तिवादाचा मोठा वाटा होता. १९११ चे त्यांचे विधेयक १९१२ मध्ये तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. मुलींचे शिक्षण आणि जातीमुळे नाकारला जाणारा प्रवेश या बाबी त्यात अपुऱ्या राहिल्या. तरीही सार्वजनिक पैसा सर्वांच्या शाळेवर आणि आरोग्यावर खर्च झाला पाहिजे, हा विचार कायदेमंडळात रुजवण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागते.

११. स्वाध्याय

(१) गोखले यांच्या बालपणातील आर्थिक परिस्थितीचा त्यांच्या पुढील कार्याशी असलेला संबंध स्पष्ट करा.
(२) १९११ च्या प्राथमिक शिक्षण विधेयकातील तरतुदी सांगून त्यावरील आक्षेपांची चर्चा करा.
(३) शिक्षणासाठी मिठावरील कर वाढवण्याच्या गोखले यांच्या तयारीविषयी आपले मत सकारण मांडा.
(४) महात्मा फुले, गोखले आणि डॉ. आंबेडकर यांच्या शिक्षणविषयक मागण्यांतील साम्य व भेद थोडक्यात लिहा.
(५) उपक्रम : आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात शाळा, पाणीपुरवठा आणि आरोग्य यांसाठी किती तरतूद आहे याची माहिती मिळवा व त्यावर दोन पाने टिपण लिहा.